अडीच किलोंचा कुत्रा आणि हैदराबादचे घर

चिवावा ही कुत्र्यांची जगातली सर्वांत लहान मान्यताप्राप्त जात. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची १५ ते २३ सेंटिमीटर आणि वजन साधारण दीड ते तीन किलो. अमेरिकन केनेल क्लबच्या निकषांत सहा पौंड, म्हणजे सुमारे २.७ किलो, ही वरची मर्यादा आहे. तांदळाची पाच किलोंची पिशवी उचलणारा माणूस वजनाने दोन चिवावा उचलत असतो. हा कुत्रा पाळण्याचे फायदे आणि तोटे मोजायला बसले, की दोन्ही याच आकड्यापाशी येऊन थांबतात. वन बीएचकेत तो मावतो तो वजनामुळे, आणि सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडून घेतो तोही वजनामुळेच.

उत्तर मेक्सिकोतल्या चिवावा राज्यावरून या जातीला नाव मिळाले. प्राचीन तोल्तेक लोकांकडे तेचिची नावाचे लहान कुत्रे असत आणि चिवावा त्यांचा वंशज, अशी कथा जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडते. ती किती खरी आणि किती सांगोवांगी, हा वाद आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी प्रवाशांनी हे कुत्रे सीमेपलीकडून विकत आणले. १९०८ मध्ये अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदवहीत जात आली आणि १९५२ मध्ये आखूड केसांचा आणि लांब केसांचा असे दोन प्रकार वेगळे धरले जाऊ लागले. लहान आकार मात्र माणसाने घडवलेला नवा चमत्कार नव्हे. कुत्र्यांचा आकार ठरवण्यात आयजीएफ-१ या जनुकाचा मोठा वाटा असल्याचे २००७ मध्ये दिसून आले. पुढे २०२२ मध्ये, लहान आकाराशी जोडलेला जनुकीय बदल सायबेरियातल्या सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही आढळला. निसर्गात आधीपासून असलेली गोष्ट माणसाने निवडून निवडून टोकाला नेली, एवढेच.

हैदराबाद संस्थानाच्या मुलखाला वेगळ्या कुत्र्याची सवय होती. १९५६ पर्यंत लातूर, नांदेड, उस्मानाबाद हा भाग हैदराबाद राज्यात होता, आणि लातूरकडचा कारवान हा लांब पायांचा, ससा पकडणारा शिकारी कुत्रा तिथल्या माळावर वाढला. त्याला धावायला शेत लागते. आजच्या गच्चीबावली, कोंडापूर, मणिकोंडाच्या उंच इमारतींत शेत नाही. बाल्कनी आहे, लिफ्ट आहे आणि सकाळी नऊला घराबाहेर पडणारे जोडपे आहे. काचीगुडा, सुलतान बाजारच्या जुन्या मराठी वस्तीतले अंगणाचे वाडेही बरेचसे गेले आणि तिथे अपार्टमेंट उभी राहिली. अशा घरात चिवावाचा पहिला फायदा उघड आहे: त्याला जागा लागत नाही.

व्यायामही थोडाच लागतो. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटांची फेरी आणि घरात चेंडूमागे थोडी धावाधाव, एवढ्यावर निरोगी चिवावाचे भागते. मुसळधार पावसात बाहेर पडता आले नाही तर हॉलमध्येच त्याचा व्यायाम होतो. लघवी-शौचासाठी वर्तमानपत्र किंवा शोषक पॅड वापरायला त्याला शिकवता येते. पंचवीस किलोंच्या लॅब्राडॉरच्या बाबतीत हा विचारही कोणी करणार नाही. अंघोळ बाथरूममधल्या टबात उरकते. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही हा कुत्रा सांभाळता येतो, कारण तो साखळीला हिसडा देऊन कोणाला पाडू शकत नाही. तो पायात येऊन पाडू शकतो, हे मात्र लक्षात ठेवलेले बरे.

खाण्याचा खर्च नाममात्र. दोन किलोंच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी पुरतात. तोटा इथेच दडलेला आहे. घरची एक तूप लावलेली पोळी त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक भरते, आणि इराणी चहाबरोबर प्रेमाने भरवलेली दोन उस्मानिया बिस्किटे जवळपास तेवढाच वाटा उचलतात. घरातल्या चौघांनी एकेक घास दिला की चिवावा लठ्ठ होतो. लठ्ठ झाला की त्याचे बारीक गुडघे आणि श्वासनलिका कुरकुरू लागतात. रविवारच्या बिर्याणीतले हाड आणि तळलेला कांदा कुठल्याही कुत्र्याला घातकच, पण इतक्या लहान शरीराला विषबाधा व्हायला फार थोडा ऐवज पुरतो. वीसेक ग्रॅम साधे दुधाचे चॉकलेटही दोन किलोंच्या कुत्र्याला उलट्या-जुलाब घडवू शकते. गडद चॉकलेट त्याहून कमी पुरते. द्राक्षे, बेदाणे, लसूण आणि माणसांची पॅरासिटामॉलची गोळी ही यादी फ्रिजवर चिकटवून ठेवावी.

प्रवास हा आणखी एक फायदा, अर्धवट का होईना. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून पिंजऱ्यासह सात किलोंपर्यंतचा पाळीव प्राणी केबिनमध्ये नेऊ देण्यास सुरुवात केली. चिवावा आणि त्याचा पिंजरा या मर्यादेत आरामात बसतात, लॅब्राडॉर बसत नाही. पुण्याला, सोलापूरला किंवा नांदेडला सुटीत जाणाऱ्या हैदराबादच्या मराठी कुटुंबांची गाठ मात्र बहुतेक रेल्वेशी पडते, आणि तिथे फर्स्ट एसीचा अख्खा कुपे घ्या नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा, असा मामला आहे. पेटीत चिवावाला ठेवणे शहाणपणाचे नाही. गाडी स्वतःची असेल तर प्रश्नच मिटतो.

आता शरीराकडे वळावे लागेल, कारण तोट्यांचा मोठा भाग तिथे आहे. अनेक चिवावांची टाळू जन्मानंतर पूर्ण भरत नाही. डोक्याच्या माथ्यावर मऊ जागा राहते. बाळाच्या टाळूला जपतात तसे या कुत्र्याच्या माथ्याला आयुष्यभर जपावे लागते. न भरलेली टाळू म्हणजे आजारच असे नाही, पण या जातीत मेंदूत पाणी साठण्याचा विकारही आढळतो, त्यामुळे पिलू विचित्र चालत असेल किंवा डोके भिंतीला टेकवून उभे राहत असेल तर लगेच डॉक्टर गाठावा. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणे हा दुसरा नेहमीचा विकार: चालता चालता कुत्रा मागचा एक पाय उचलून दोन-तीन उड्या घेतो आणि काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागतो. पाहणाऱ्याला ती गंमत वाटते. ती गंमत नसते.

श्वासनलिका नाजूक असल्याने गळ्यातला पट्टा ओढला की चिवावा हंसासारखा घोगरा खोकतो. म्हणून त्याला छातीभोवतीचा हार्नेसच लावावा. पुढच्या पायांची हाडे काडीसारखी असतात आणि मनगटाजवळच्या भागाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे लहान जातींत तिथले फ्रॅक्चर लवकर जुळत नाही. हे फ्रॅक्चर बहुधा रस्त्यावर होत नाही. मुलाच्या हातातून निसटून, पलंगावरून उडी मारून किंवा गुळगुळीत टाइल्सवर घसरून ते घरातच होते. सोफ्याला लागून एक उतरती पायरी आणि फरशीवर जुनी सतरंजी, हा त्यावरचा स्वस्त उपाय.

दातांचे दुखणे तर जवळजवळ ठरलेले. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, मग जबडा मेंढपाळ कुत्र्याचा असो की चिवावाचा. इवल्याशा जबड्यात ते दाटीवाटीने बसतात, दुधाचे काही दात पडतच नाहीत, अन्न अडकते आणि हिरड्या सडू लागतात. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा चिवावांमध्ये हिरड्यांचे आजार सर्वाधिक आढळले होते. रोज ब्रश करणे ही चैन नाही, आणि अधूनमधून भूल देऊन दात साफ करावे लागतात. लहान शरीर भुलीखाली पटकन थंड पडते, म्हणून हे काम गरम ठेवण्याची सोय असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

पिलांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका रक्तातली साखर उतरण्याचा. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिलाला दिवसातून चार वेळा खायला लागते. आठ-दहा तास उपाशी राहिलेले पिलू आधी सुस्त होते, मग थरथरते आणि कोसळते. अशा वेळी हिरड्यांवर ग्लुकोज किंवा मध चोळून तडक दवाखाना गाठायचा असतो. नवरा-बायको दोघेही हायटेक सिटीत कामाला आणि घरी कोणी नाही, अशा घरात चार महिन्यांखालचे पिलू आणणे म्हणजे संकटाला आमंत्रण. लसीच्या बाबतीतही एक बारकावा आहे. लसीचा डोस कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही. ग्रेट डेन आणि चिवावा दोघांनाही एकच मात्रा. लहान कुत्र्यांत प्रतिक्रिया येण्याचे प्रमाण अधिक असते आणि एकाच दिवशी अनेक लसी दिल्या तर ते वाढते. लस टाळायची नाही, ती विभागून द्यायला डॉक्टरांना सांगायचे आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे.

हैदराबादचे हवामान या जातीला बऱ्यापैकी मानवते, हिवाळ्यात तर छानच. चिवावाला थंडी सोसत नाही, कारण लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त असतो आणि उष्णता भराभर निघून जाते. दख्खनच्या पठारावरचा डिसेंबर त्याला एका स्वेटरवर निभावता येतो. खरा थंडीचा त्रास होतो तो एसीचा: मालकाने रात्री वीसवर लावलेल्या खोलीत चिवावा पांघरुणात शिरून कुडकुडतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे गेला की उलटा प्रश्न. त्याचे पोट डांबरापासून जेमतेम चार बोटांवर असते, त्यामुळे तापलेल्या रस्त्याची झळ त्याला माणसाच्या कितीतरी पट लागते. उन्हाळ्यात फेरी सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणानंतर, असा नेम हवा.

पावसाळ्यात गोचिडी येतात आणि त्यांच्याबरोबर गोचीडताप. एर्लिकिया नावाचा जंतू रक्तातल्या प्लेटलेट घटवतो आणि भारतातल्या उष्ण शहरांत हा आजार सर्रास दिसतो. दोन किलोंच्या कुत्र्याच्या अंगात सगळे मिळून पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असते, हे ध्यानात घेतले तर गोचिडींचा कंटाळा का करू नये ते समजते. गोचिडीचे औषध वजनाप्रमाणे मोजूनच द्यावे. मोठ्या कुत्र्यासाठी आणलेल्या पिपेटमधून अंदाजे थेंब टाकणे हा या जातीत जिवावरचा खेळ आहे.

शहरातला सर्वांत गंभीर धोका गेटबाहेर उभा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंबरपेटमध्ये भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांच्या मुलाचा जीव गेला आणि तेलंगण उच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. माणसाच्या मुलाची ही कथा, तर चिवावाचे काय सांगावे. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पकडलेल्या जागीच सोडायचे असते, त्यामुळे गल्लीतली टोळी गल्लीतच राहते. या टोळीशी चिवावाचे भांडण बहुतेकदा चिवावाच उकरून काढतो. समोरचे चार कुत्रे पडून असतात, हा गेटबाहेर पाऊल टाकताच भुंकत अंगावर जातो, आणि मग ते उठतात. मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला पाठीत धरून एकदा झटकले तर बाहेर दातांची दोन भोके दिसतात आणि आत फुप्फुस, बरगड्या, पोट यांची नासधूस झालेली असते. जखम छोटी म्हणून हळद लावून घरी ठेवलेले कुत्रे दुसऱ्या दिवशी दगावते.

उपाय साधा आहे, पण वेळेवर करावा लागतो. टोळी लांबून दिसली की चिवावाला आधीच उचलून छातीशी घ्यायचे आणि न धावता मागे फिरायचे. कुत्रे अंगाशी आल्यावर चिवावाला उचलले तर ते माणसावर उड्या घेतात आणि चावा हातावर बसतो. मोकळे फिरवण्यासाठी कोंडापूरला महापालिकेने २०१८ मध्ये सुरू केलेले सुमारे १.३ एकरांचे श्वान उद्यान आहे. तिथेही गर्दीच्या वेळी मोठ्या, खेळकर कुत्र्यांत चिवावाला सोडणे नको, कारण खेळातला पंजाही त्याला भारी पडतो.

स्वभावाच्या बाबतीत या जातीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. घरातल्या एका माणसावर जीव टाकणारा, मांडीवरून न हलणारा कुत्रा हे एक. अनोळखी पाहुण्याच्या घोट्याला चावणारा हे दुसरे. दोन्ही खरी आहेत. कुत्र्यांच्या वर्तनाच्या एका मोठ्या प्रश्नावली-अभ्यासात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर या जाती माणसे आणि कुत्रे दोघांबाबत सरासरीहून अधिक आक्रमक ठरल्या. चाव्याने फारसे नुकसान होत नाही म्हणून मालक हसून सोडून देतात, आणि तेच मुळातले दुखणे आहे. जर्मन शेफर्डने गुरगुरताच त्याला शिकवायला माणूस बोलावतात. चिवावा गुरगुरला की त्याचा व्हिडिओ काढतात. शिवाय त्याला सारखे उचलले जाते, त्याची नापसंती कोणी मोजत नाही, आणि दात दाखवणे हीच एक भाषा त्याला उरते. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला वेगवेगळी माणसे, लिफ्ट, कुकरची शिटी, डिलिव्हरीवाल्याची बेल यांची सवय लावली तर पुढचा बराच त्रास वाचतो.

चावा इवलासा असला तरी रेबीजची भीती इवलीशी नसते. कुत्र्याचे लसीकरण झाले असले तरी जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. हैदराबादेत नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये लस मिळते. पाच-सहा वर्षांखालची मुले असलेल्या घराला हा कुत्रा सहसा सुचवत नाहीत, आणि त्यात मुलांपेक्षा कुत्र्याचीच काळजी अधिक असते.

भुंकणे हा फायदाही आहे आणि तोटाही. दारावरची चाहूल त्याला सगळ्यांआधी लागते, म्हणून राखणीला तो उत्तम. चोराला अडवण्याच्या कामी शून्य. बोनालू, गणेश विसर्जन, लग्नातला मर्फा आणि दिवाळी हे हैदराबादचे चार मोठे आवाज त्याला असह्य होतात. त्या दिवशी आतली खोली, बंद खिडक्या आणि जवळ बसणारे माणूस लागते. घरात एकटे ठेवले की तो तासन्‌तास भुंकत राहतो आणि शेजारी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकतात.

सोसायटीशी वाद झाला तर कायद्याची बाजू माहीत असावी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. लहान कुत्रा चालेल, मोठा नको, असा भेदही करता येत नाही. म्हणजे हक्कांच्या बाबतीत चिवावाचा वेगळा फायदा नाही. व्यवहारात मात्र भाड्याचे घर शोधताना घरमालक दोन किलोंच्या कुत्र्याला लवकर हो म्हणतो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘हिंस्र’ ठरवलेल्या २३ जातींच्या यादीत चिवावा नव्हता. ते परिपत्रक पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्दही केले. महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. कुत्र्याबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कलम कुत्र्याचे वजन विचारत नाही.

आयुष्य लांब असणे हा चिवावाचा नेहमी सांगितला जाणारा गुण. चौदा ते सोळा वर्षे हा आकडा बहुतेक ठिकाणी छापलेला असतो. ब्रिटनमधल्या लाखो कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२४ च्या अभ्यासात मात्र या जातीचे मध्यम आयुर्मान ११.८ वर्षे निघाले, म्हणजे त्या अभ्यासातल्या शुद्ध जातींच्या १२.७ वर्षांहूनही कमी. चांगले सांभाळलेले चिवावा पंधरा वर्षे सहज काढतात. अपघात, दात आणि हृदयाच्या झडपेचे विकार सरासरी खाली ओढतात. घर घेताना, नोकरी बदलताना, मुलाला परदेशी धाडताना हा कुत्रा सोबत असणार, असे धरून चालावे.

फॅशनपोटी घेतलेल्या चिवावांचे काय होते ते अमेरिकेने पाहिले आहे. टाको बेल या खाद्यसाखळीच्या चिवावा असलेल्या जाहिराती १९९७ पासून गाजल्या, २००१ च्या ‘लीगली ब्लाँड’ या चित्रपटाने हँडबॅगेत बसलेला चिवावा दाखवला, आणि २००९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातली श्वाननिवारा केंद्रे या जातीने इतकी भरली की कुत्री विमानाने दुसऱ्या राज्यांत पाठवावी लागली. भारतात हच या मोबाइल कंपनीच्या २००३ च्या जाहिरातीनंतर पग या जातीचे हेच झाले होते.

विकत घ्यायचाच असेल तर २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांचा आधार घ्यावा. प्रजनन करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचे पिलू विकता येत नाही, आणि एका मादीला आयुष्यात पाचहून अधिक वेळा विऊ देता येत नाही. चिवावाच्या मादीला अनेकदा सिझेरियन लागते आणि पिलेही दोन-तीनच होतात, म्हणून खरे पिलू स्वस्त मिळत नाही. ‘टीकप’ म्हणून अधिक किमतीला विकले जाणारे पिलू टाळावे. असा प्रकार कोणताही मोठा केनेल क्लब मानत नाही, आणि एक किलोखालच्या कुत्र्यात वर सांगितलेला प्रत्येक आजार अधिक तीव्र होतो. प्रौढ कुत्रा दत्तक मिळत असेल तर त्याचा स्वभाव आधीच दिसतो, हा मोठाच लाभ; ज्युबिली हिल्समधली, १९९२ मध्ये स्थापन झालेली ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद ही संस्था दत्तक देण्याचे काम करते, जरी तिथे देशी कुत्रीच जास्त असतात.

पिलू निवडताना आई पाहायला मागावी आणि ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते बघावे. मग पिलाला फरशीवर सोडून चालू द्यावे, हिरड्या गुलाबी आहेत का ते पाहावे, माथ्यावर बोट फिरवून टाळू चाचपावी, आणि पैसे देण्याआधी राजेंद्रनगरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा विश्वासातल्या डॉक्टरकडे नेऊन मागच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या आणि हृदयाचे ठोके तपासून घ्यावेत.